चार पाय की सहा? फुलपाखराचे जीवन आणि शाळेतील निरीक्षण

(केंद्रसंमेलनात दिलेले भाषण)



पावसाळा ओसरू लागला म्हणजे गावाच्या शिवेवर, पाणंदीच्या दोन्ही अंगांस आणि शाळेच्या कुंपणाशी फुलपाखरांची वर्दळ सुरू होते. मुलांना ती कोणी दाखवावी लागत नाहीत. त्यांची नजर आधीच तिकडे गेलेली असते. पाठ्यपुस्तकात हेच फुलपाखरू चार चित्रांच्या एका वर्तुळात येते. अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू ही चार नावे बाणांनी जोडलेली असतात. मुले ते वर्तुळ पाठ करतात आणि परीक्षेत सुबक काढून दाखवितात. परंतु ती अळी कोणत्या झाडावर राहते, तेथेच का राहते आणि ती तेथे नसती तर काय झाले असते, हे त्या वर्तुळावरून कळत नाही. म्हणूनच सकाळी ते चित्र काढणारा मुलगा दुपारी परसातील कढीपत्त्यावरची अळी निःशंकपणे चिरडतो. यात त्याचा क्रूरपणा नसतो. चित्रातली अळी आणि झाडावरची अळी एकच, हे त्याला कोणी दाखविलेले नसते.

या संदर्भात डोंगरपायथ्याच्या एका लहान शाळेतील गोष्ट सांगण्यासारखी आहे. चौथीच्या चाचणीत प्रश्न होता : ‘कीटकाला किती पाय असतात?’ एका मुलीने उत्तर लिहिले, ‘सहा. पण रुईवरच्या नारिंगी फुलपाखराला चार.’ गुरुजींनी पहिला शब्द ठेवला आणि पुढचे वाक्य लाल शाईने खोडून निम्मा गुण कापला. मुलगी वर्गात काही बोलली नाही. पुढला दिवस शनिवारचा होता. तिच्या घरी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहण्याची रीत होती आणि पाने आणण्याचे काम तिच्याकडे असे. त्या सकाळी ती पानांची पिशवी घेऊन थेट शाळेत आली आणि म्हणाली, “गुरुजी, चला, दाखविते.”

गुरुजी गेले. थंडीमुळे फुलपाखरे अजून उडू लागली नव्हती. एक रुईच्या शेंड्यावर पंख मिटून निश्चल बसले होते. गुरुजींनी पाय मोजले. चार भरले. दुसऱ्या बाजूने जाऊन पुन्हा मोजले, तरी चारच.

त्या क्षणी गुरुजींपुढे दोन वाटा होत्या. ‘दोन पाय तुटले असतील’ असे म्हणून प्रश्न तेथेच मिटविता आला असता. मुलीनेही ते मुकाट्याने मानले असते. परंतु त्यानंतर एखादी वस्तू नीट पाहून तिने पुन्हा काही लिहिले असते की नाही, याची शंका वाटते. गुरुजींनी दुसरी वाट धरली. वर्गात येऊन ते म्हणाले, “काल मी हिचे वाक्य खोडले, ती माझी चूक. हिने पाहिले होते, मी पाहिले नव्हते. पण कीटकाला सहा पाय असतात, हेही खरे आहे. मग उरलेले दोन पाय गेले कुठे, ते आता सर्वांनी मिळून शोधायचे.”

उत्तर सापडण्यास आठ दिवस लागले. रुईखाली मरून पडलेले एक फुलपाखरू मुलांना मिळाले. ते भिंगाखाली धरताच मानेच्या खाली, छातीशी घट्ट दुमडलेले दोन अगदी खुरटे पाय दिसले. पाय सहाच होते. चालण्यास आणि बसण्यास त्यांपैकी चारच उपयोगी पडत होते. मुलीचे म्हणणे खरे ठरले आणि पुस्तकाचेही.

शास्त्राच्या दृष्टीने हा शोध नवा नव्हे. या फुलपाखराला शास्त्रीय भाषेत डॅनॉस क्रिसिपस म्हणतात. लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली त्याची नोंद केली. ते ज्या मोठ्या कुळातील आहे, त्या कुळातील बहुतेक फुलपाखरांचे पुढचे दोन पाय असे आखडलेले असतात. कण्हेरीवर वाढणारे काळपट तपकिरी फुलपाखरूही त्याच कुळातील. उलट लिंबावरचे काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू पाहिले, तर ते सहाही पायांवर उभे राहिलेले दिसते. दोन्ही झाडे शाळेच्या आवारात असतील, तर वर्गीकरण म्हणजे काय हे शिकविण्यास दुसरे साधन लागत नाही.

मग आखडलेले ते दोन पाय निरुपयोगी आहेत काय? याचे उत्तर मादीच्या वागण्यात मिळते. उन्हे चढल्यावर रुईजवळ शांतपणे बसल्यास दिसते की, मादी पानावर उतरते, पुढचे ते लहानसे पाय पानावर भराभर आपटते आणि क्षणार्धात एक तर उडून जाते किंवा पोटाचे टोक पानाखाली वळवून तेथे एकच अंडे चिकटविते. फुलपाखराला पायांनी चव कळते. मादीच्या या पायांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात आणि पान रुईचेच आहे की नाही, याची परीक्षा ती त्यांनी करते. परीक्षा अचूक होणे अत्यावश्यक असते. अंड्यातून निघणारी अळी इतकी लहान असते की दुसरे झाड शोधीत जाणे तिला शक्य नाही. आईने चुकीच्या पानावर अंडे घातले, तर अळी उपाशी मरते. वर्गाने ‘नसलेले’ ठरविलेले दोन पाय वंश टिकविण्याच्या कामी असे उपयोगी पडतात.

रुईचा चीक विषारी असतो, हे खेड्यातील मुलांस सांगावे लागत नाही. गुरेही रुईला सहसा तोंड लावीत नाहीत. ही अळी मात्र तीच पाने खाऊन वाढते आणि त्यांतील विषारी द्रव्ये स्वतःच्या शरीरात साठविते. ती द्रव्ये कोशातून पुढे फुलपाखराच्या अंगीही उतरतात. अळीच्या अंगावरील काळे, पांढरे आणि पिवळे पट्टे दुरूनही दिसतात. पाठीवर काळ्या लांब तंतूंच्या तीन जोड्या असतात. ती लपत नाही. फुलपाखरूही संथपणे, जणू कोणाचीच भीती नसल्याप्रमाणे उडते. एखाद्या अननुभवी पक्ष्याने त्याला धरलेच, तर कडू चव लागून तो ते सोडून देतो आणि पुढे त्या रंगाच्या वाटेस जात नाही. चोचीएवढा तुकडा गेलेला पंख घेऊन उडणारी फुलपाखरे कधी कधी दिसतात.

या भीतीचा लाभ दुसरे एक फुलपाखरू घेते. त्याची अळी ज्या वनस्पतींवर वाढते, त्यांत घोळ ही एक आहे. घोळीची भाजी माणसेही खातात. म्हणजे या अळीच्या आहारात विष नाही आणि तिचे फुलपाखरू पक्ष्यांस खाण्याजोगे आहे. परंतु त्याच्या मादीचे रंगरूप रुईवरच्या फुलपाखरासारखे असते : तोच नारिंगी रंग, पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर तोच पांढरा पट्टा, आणि उडणेही तसेच संथ. नर पूर्णपणे वेगळा, काळा, पंखांवर मोठे पांढरे डाग असलेला. मादीचे सोंग ओळखण्याची खूण मुलांस सहज शिकविता येते. रुईवरच्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीला तीन, नराला चार. सोंग घेणाऱ्या मादीच्या मागच्या पंखावर वरच्या कडेला एकच ठिपका असतो.

अशा अनुकरणाचा उलगडा प्रथम हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गअभ्यासकाने केला. 1848 ते 1859 अशी अकरा वर्षे तो दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात कीटक गोळा करीत हिंडला. तेथे त्याला दोन निरनिराळ्या कुळांतील फुलपाखरे एकमेकांसारखी दिसणारी आढळली. 1862 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने याचे कारण मांडले : बेचव फुलपाखरासारखे दिसणारे जीव पक्ष्यांच्या तावडीतून अधिक वाचतात आणि त्यांचीच संतती टिकते. ॲमेझॉनच्या अरण्यात बेट्सला जे दिसले, त्याच जातीचे उदाहरण शाळेच्या कुंपणाशी आणि भाजीच्या वाफ्यात पाहावयास मिळते.

लिंबावरच्या फुलपाखराची अळी वेगळ्या युक्तीने जगते. कोवळ्या पानावर मोहरीच्या दाण्याहूनही लहान, फिकट पिवळे, गोल अंडे असते. त्यातून निघालेली अळी तपकिरी-पांढरी असून हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. म्हणून ती पानावर उघड बसली तरी पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. कात टाकीत टाकीत ती मोठी झाली की विष्ठेचे सोंग चालत नाही. तेव्हा ती पानासारखी हिरवी होते. काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे, दोन शिंगांसारखे अवयव बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. कढीपत्ता, बेल आणि बावची यांवरही ती वाढते. 2015 साली महाराष्ट्र शासनाने राणी पाकोळी अथवा नीलवंत या काळ्या-निळ्या फुलपाखरास राज्य फुलपाखराचा मान दिला. देशात असे फुलपाखरू ठरविणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य होय. त्या फुलपाखराची अळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते.

येथे शेतकरी पालक आक्षेप घेतील आणि तो अयोग्य नव्हे. लिंबाच्या लहान रोपांची पाने या अळ्या फस्त करतात. रोपवाटिकेत त्या वेचून काढाव्याच लागतात. शिक्षकाने हे मुलांपासून लपवू नये. वेचलेल्या अळ्यांपैकी दोन-तीन शाळेतील कढीपत्त्यावर सोडल्या, तर पिकाचे रक्षणही होते आणि निरीक्षणाची सोयही होते. दुसरा गैरसमज सुरवंटासंबंधी आहे. अंगावर केसांचे दाट आवरण असलेला, हात लागताच खाज आणणारा सुरवंट बहुधा पतंगाचा असतो. त्याला हात लावू नये हे शिकविणे योग्यच. परंतु त्या भीतीने प्रत्येक अळी मारणे योग्य नव्हे.

अळी पाळण्यास खर्च येत नाही. रुंद तोंडाची बरणी, तोंडाला बांधण्यास तलम फडके, एक सुकी काडी आणि रोज त्याच झाडाची ताजी पाने एवढे पुरे. बरणी उन्हात ठेवू नये, आत पाणी साचू देऊ नये, विष्ठा रोज झाडून काढावी. रुईची पाने शिक्षकाने स्वतः तोडावीत. तिचा चीक डोळ्यांस फार अपायकारक असतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत. एका वहीत रोज तारीख, अळीची लांबी, तिचा रंग आणि त्या दिवशी दिसलेली एखादी गोष्ट लिहावी. पाय मोजण्यास सांगितल्यास मुले सोळा म्हणतील. त्यांस चूक म्हणू नये. पुढचे सहा खरे पाय असतात. मागचे दहा मांसल आधार केवळ अळीच्या अवस्थेपुरते असतात.

अळी चार वेळा कात टाकते आणि पाचव्या वेळी कातीखालून कोश प्रकट होतो. रुईवरची अळी उलटी लटकून कोश करते. त्यावर सोनेरी ठिपके चमकतात. लिंबावरची अळी शेपटीकडचे टोक काडीस चिकटवून कमरेभोवती रेशमी धाग्याचा पट्टा बांधून घेते, नारळाच्या झाडावर चढणाऱ्या माणसाने दोर बांधावा तसा. कोश बाहेरून निर्जीव वाटतो. आत मात्र अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून नव्याने घडत असतो. पंखांचे सूक्ष्म अंकुर अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, ते आता वाढतात. कोश काडीवरून काढू नये आणि कुतूहलाने फोडू नये. त्याचे कवच पारदर्शक होऊन आतील पंखांचे रंग दिसू लागले, म्हणजे फुलपाखरू एक-दोन दिवसांत बाहेर येईल असे समजावे. ते येते तेव्हा पंख ओले, चुरगळलेले असतात. शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत ढकलून ते पंख पसरविते आणि वाळवीत बसते. त्या वेळी खाली लालसर थेंब पडतात. ते रक्त नव्हे. कोशातील उरलेला मळ होय. हे आधी सांगितले नाही, तर लहान मुले घाबरतात. पंखांवरील रंगीत भुकटी म्हणजे कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले खवले. ते गेले तर पुन्हा येत नाहीत. म्हणून पंखांस बोट लावू नये आणि फुलपाखरू उडण्याजोगे झाले की त्याला मोकळे सोडावे. ऊबदार दिवसांत अंड्यापासून येथवर साधारण तीन ते चार आठवडे लागतात.

प्रत्येक वेळी फुलपाखरूच निघेल असे नाही. कधी कधी कोशातून बारीक गांधीलमाश्या बाहेर पडतात, कारण त्यांच्या आईने अळीच्या अंगातच अंडी घातलेली असतात. हा प्रयोग फसला असे मानू नये. एका मादीने शंभर अंडी घातली आणि सारीच जगली, तर काही पिढ्यांत रुईचे एक पान उरणार नाही. त्यांपैकी सरासरीने दोनच जगली, तरी आईबापांची जागा भरून निघते. हे गणित चौथीच्या मुलांस फळ्यावर मांडता येते आणि निसर्गातील तोल म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा त्यातून चांगले उमजते.

निरीक्षणास वय आणि पदवी लागत नाही, याची साक्ष इतिहासातही आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे 1660 साली मारिया सिबिला मेरियन नावाची तेरा वर्षांची मुलगी रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रे काढीत असे. त्या काळी कीटक चिखलातून आणि कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असे पुष्कळ विद्वान मानीत. पुढे 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ती मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली आणि 1705 साली तेथील कीटकांवर तिने सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अळी, कोश आणि फुलपाखरू यांची चित्रे तिने त्यांच्या अन्नाच्या झाडासह एकाच पानावर काढली. पाठ्यपुस्तकातील वर्तुळातून गळून पडलेले झाड तिच्या चित्रात तीनशे वर्षांपूर्वीच होते.

त्या झाडाकडे आता शाळांनीच लक्ष देण्याची वेळ आली आहे. बांध अरुंद होत आहेत, पाणंदी रुंद होत आहेत, तणनाशकाची फवारणी कुंपणापर्यंत पोचली आहे. फुलझाडे लावली म्हणजे फुलपाखरे येतील, असा समज आहे. मध पिण्यास ती येतीलही. परंतु अंडी घालण्यास मादीला तिचेच पान हवे असते. रुई नाही तेथे रुईवरचे फुलपाखरू जन्मत नाही. शाळेच्या स्वच्छता मोहिमेत कुंपणाशी उगवलेली रुई पहिली तोडली जाते, कारण ती कोणाच्याच उपयोगाची नाही असे मानले जाते. लहान मुलांच्या वाटेपासून दूर, कोपऱ्यातील एक-दोन रुई राखाव्यात. एक लिंब किंवा कढीपत्ता लावावा. घोळ उगवली असेल तेथे वाफ्याचा एक तुकडा खुरपू नये. एवढ्याने परिसर अभ्यासाची प्रयोगशाळा तयार होते.

डोंगरपायथ्याच्या त्या शाळेत पुढे असेच झाले. गुरुजींनी चाचणीचा कागद परत मागवून घेतला, लाल रेघेखाली ‘उत्तर बरोबर’ असे लिहिले, सही केली आणि कापलेला निम्मा गुण दिला. पुढल्या वर्षी आवाराची सफाई निघाली, तेव्हा कोयता घेऊन रुईकडे निघालेल्या मोठ्या मुलांना त्याच मुलीने थांबविले आणि आधी पानांखाली पाहण्यास सांगितले. पाचव्या पानाखाली एक अंडे होते. रुई राहिली. मुलांनी तिच्याभोवती दगडांचे आळे केले आणि जवळच्या खांबावर एक पाटी टांगली. तिच्यावर फुलपाखराचे नाव नव्हते. त्या दिवसाची तारीख आणि ‘एक अंडे’ एवढीच नोंद होती.